विलिस टॉवरमधलं ऑफिस, काही महिन्यांनंतर: उंची राहू द्या, लिफ्टचं बोला

आमच्या कंपनीने मध्यंतरी खर्च कमी करायचा म्हणून आमच्या मजल्यावरची पॅन्ट्री बंद केली आणि मायक्रोवेव्ह उचलून नेले. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं.

शिकागोचा विलिस टॉवर म्हणजे ११० मजले, ४४२ मीटर, मलेशियातले पेट्रोनास टॉवर होईपर्यंत जगातली सर्वांत उंच इमारत, २००९ मध्ये सिअर्स टॉवरचं नाव बदलून विलिस टॉवर झालं, हे सगळं तुम्हाला माहीत असेलच. शिकागोतली जुनी माणसं अजून सिअर्स टॉवरच म्हणतात, आमच्या घरीही तेच नाव चालतं. यातल्या कशाचाही रोजच्या नोकरीत काही संबंध येत नाही. संबंध येतो तो लिफ्टचा.

आमचं ऑफिस ६७ ते ९० च्या टप्प्यात आहे. सकाळी तळातून एक्स्प्रेस लिफ्ट घ्यायची. ती डबलडेकर आहे, एकावर एक दोन केबिन. सम-विषम मजल्यांप्रमाणे कुठल्या केबिनमध्ये शिरायचं ते ठरतं. मध्ये कुठेही न थांबता ती ६६-६७ च्या स्कायलॉबीत, म्हणजे लिफ्ट बदलायच्या मधल्या मजल्यांवर, नेऊन सोडते, कानात दडे बसतात. तिथे उतरून चालत दुसऱ्या लिफ्टकडे जायचं आणि मग आपला मजला. इथवर माझी काही तक्रार नव्हती.

पॅन्ट्री गेल्यावर सांगण्यात आलं की कंपनीचा आणखी एक मजला खालच्या टप्प्यात आहे, तिथली पॅन्ट्री वापरा. आता हिशोब बघा. आमच्या मजल्यावरून स्कायलॉबी, स्कायलॉबीतून तळ, तळातून पुन्हा वर तो मजला. डबा गरम करायला तीन लिफ्ट आणि परत यायला तीन. एका टप्प्यातून दुसऱ्यात थेट जाणारी लिफ्ट आमच्यासाठी नाही. आमटी-भात जागेवर येईपर्यंत पुन्हा कोमट. खाली विकत घेऊन खायची सोय भरपूर आहे, पण घरून डबा आणणाऱ्या माणसाने रोज तेवढे डॉलर का घालवायचे? मी फॅसिलिटीजवाल्यांना मेल लिहिले, उत्तरं गुळमुळीत आली.

या रागातच मी ही रचना नीट समजून घ्यायला लागले, आणि माझं मत बदलत गेलं ते इथे. एवढ्या उंचीच्या इमारतीत प्रत्येक मजल्याची लिफ्ट तळापासून निघाली असती, तर खालच्या मजल्यांवर बसायला जागाच उरली नसती, सगळे शाफ्टच झाले असते. म्हणून ३३-३४ आणि ६६-६७ वर स्कायलॉबी काढल्या आणि वरच्या टप्प्याच्या लोकल लिफ्ट खालच्या टप्प्याच्या लिफ्टच्या डोक्यावर बसवल्या. म्हणजे वापराच्या दृष्टीने या एकावर एक ठेवलेल्या तीन इमारतीच आहेत. शंभराहून जास्त लिफ्ट असूनही ऑफिसला एवढी जागा उरते ती यामुळे.

जागेचा हा विचार मुळात सिअर्सचा. १९७० च्या आसपास ही जगातली सर्वांत मोठी रिटेल कंपनी होती आणि विखुरलेली माणसं तिला एका छताखाली आणायची होती. स्वतःला खालचे प्रचंड मजले आणि भाड्याने द्यायला वरचे लहान मजले, अशी मागणी. ती सोडवली आर्किटेक्ट ब्रूस ग्रॅहम आणि इंजिनियर फझलुर रहमान खान यांनी. खान ढाक्याचे, शिबपूर आणि ढाक्यात शिकून इलिनॉयला आलेले. त्यांनी ७५ फूट बाजूचे नऊ चौकोनी ट्यूब, म्हणजे उभ्या पोकळ नळ्यांसारखे मनोरे, एकमेकांना चिकटवून उभे केले. कडेचे खांब १५-१५ फुटांवर, त्यामुळे प्रत्येक ट्यूब स्वतःच ताठ, आणि नऊ मिळून वाऱ्याला तोंड देतात. दोन ट्यूब ५० व्या मजल्यावर संपतात, दोन ६६ व्यावर, तीन ९० व्यावर, उरलेले दोनच माथ्यापर्यंत जातात. खाली एकेका मजल्याला पन्नास हजार चौरस फूट, आमच्याकडे अठ्ठावीस हजार, माथ्याकडे जेमतेम अकरा. पोलाद लागलं चौरस फुटाला सुमारे ३३ पौंड. त्याहून बुटक्या, न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला यापेक्षा बरंच जास्त लागलं होतं. खांब आणि तुळयांचे दोन मजली सांगाडे कारखान्यात वेल्ड करून आणायचे आणि जागेवर फक्त बोल्ट मारायचे. म्हणून १९७० मध्ये काम सुरू होऊन १९७३ च्या मे महिन्यात ते माथ्याला पोचलं.

आमच्या टप्प्यात पाचच ट्यूब राहतात, त्यामुळे मजल्याचा आकार अधिकच्या चिन्हासारखा आहे. माझी जागा आतल्या कोपऱ्याजवळ. खिडकीतून समोर लेक मिशिगन नाही, तर आमच्याच मजल्याची दुसरी भुजा दिसते: काळं ॲल्युमिनियम, तपकिरी काच, आणि काचेपलीकडे आमचेच अकाउंट्सवाले. मध्ये दरी. वाकून बघितलं की खाली ६६ व्या मजल्यावर संपलेल्या ट्यूबचं छप्पर, त्यावर हिवाळ्यात बर्फ. जोराचा वारा असला की पार्टिशन करकरतं आणि बाटलीतलं पाणी हळूहळू डुलतं. आधी छातीत धस्स व्हायचं, आता मी त्या पाण्यावरून बाहेर किती वारा आहे ते ओळखते. १०३ व्या मजल्यावरच्या काचेच्या पेट्यांत उभं राहायला लोक महागडी तिकिटं काढतात. पाहुणे आले तर जरूर न्या, पण या इमारतीची खरी करामत त्या कोपऱ्यात दिसते.

सिअर्स मात्र इथे टिकली नाही. वाढ अपेक्षेप्रमाणे झाली नाही आणि नव्वदच्या दशकात कंपनी शिकागोच्या हॉफमन इस्टेट्स या उपनगरात निघून गेली. लॉबीतली शिल्पकार अलेक्झांडर काल्डरची हलती कलाकृतीही २०१७ मध्ये काढली, त्याची मला खरंच हळहळ वाटते. खान १९८२ मध्येच गेले. जॅक्सन आणि फ्रँकलिनच्या कोपऱ्यावर त्यांच्या नावाची पाटी आहे, जाता-येता मी ती बघतेच.

मायक्रोवेव्हचं भांडण चालूच आहे. मजल्यावरच्या बऱ्याच जणांच्या सह्या घेऊन पत्र दिलंय, निदान एक तरी परत मिळेल असं दिसतंय. इथली ऑफर आली असेल तर पगारासोबत दोन गोष्टी विचारून घ्या: ऑफिस कुठल्या टप्प्यात आहे, आणि पॅन्ट्री त्याच टप्प्यात आहे का. नसेल तर जेवणाचा थर्मास घ्या.