‘पार्ट मिळत नाही, कार्बोरेटर टाका’: जुन्या मर्सिडीजच्या इंजेक्शनवर चालणारी लूट

गाडी १९८० नंतरची मर्सिडीज २३० ई, डब्ल्यू १२३ मालिकेतली, पुण्याच्या पासिंगची. सकाळी पहिल्या सेल्फला चालू व्हायची. पण गरम इंजिन बंद करून वीस-पंचवीस मिनिटांनी चावी फिरवली की सेल्फ मारत बसावे लागे. चालू झाल्यावर थोडे मिसिंग, मग सगळे ठीक. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडले, वरची लोखंडी बॉडी बोटाने ठोकली आणि निकाल दिला : ‘इंजेक्शन संपलं साहेब. पार्ट मिळत नाही. कार्बोरेटर टाकू, परत बघायला नको.’ बिल झाले ६५ हजार. काढलेले सामान मागितल्यावर उत्तर आले, ‘ते भंगारात गेलं.’

या सगळ्या प्रकारात एकदाही प्रेशर गेज लावला गेला नाही. फसवणूक तिथेच सुरू झाली; कार्बोरेटर ही पुढची पायरी.

या गाडीत बॉशची के-जेट्रॉनिक इंजेक्शन यंत्रणा आहे, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरमधून पेट्रोल फवारणारी. तिच्यात कॉम्प्युटर नाही. आत जाणारी हवा एक गोल प्लेट ढकलते, प्लेट फ्युएल डिस्ट्रिब्युटरमधला (पेट्रोल वाटणाऱ्या बॉडीतला) प्लंजर म्हणजे दट्ट्या उचलते आणि त्या प्रमाणात चारही इंजेक्टरना सतत पेट्रोल मिळत राहते. सगळा खेळ दाबाचा, आणि दाब मोजता येतो. फ्युएल डिस्ट्रिब्युटर आणि वॉर्म-अप रेग्युलेटर (इंजिन तापेल तसा प्लंजरवरचा दाब बदलणारा भाग) यांच्यामधल्या नळीत कॉक असलेला गेज बसवायचा, गेज डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला. कॉक बंद ठेवून वाचले की सिस्टिम प्रेशर कळते; ते साधारण ५ बारच्या थोडे वर हवे. कॉक उघडला की कंट्रोल प्रेशर, म्हणजे प्लंजरवरचा दाब : थंड इंजिनाला बरेच कमी, तापेल तसे चढत साडेतीन बारच्या आसपास. नेमका आकडा त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा. मग इंजिन बंद करायचे आणि कॉक उघडा ठेवून अर्धा तास काटा बघायचा.

या गाडीचे दुखणे त्या शेवटच्या अर्ध्या तासातच सापडले असते. बंद गाडीत दाब टिकला तर तापलेल्या नळ्यांतले पेट्रोल द्रवच राहते. दाब पडला की त्याची वाफ होते आणि ती वाफ निघून जाईपर्यंत सेल्फ मारावा लागतो. दाब गळण्याच्या जागा मोजक्याच. पंपाच्या तोंडाशी बसणारा, पेट्रोल मागे फिरू न देणारा चेक व्हॉल्व्ह, जो तांब्याच्या वॉशरसकट सुटा मिळतो. पंपाशेजारचा, दाब साठवून ठेवणारा अ‍ॅक्युम्युलेटर : त्याच्या मागची परतीची नळी काढा, पंप चालू असताना तिथून पेट्रोल आले तर आतला पडदा फाटला आहे. तिसरा कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह, थंड इंजिन चालू करताना जादा पेट्रोल देणारा. नळी न सोडता तो मॅनिफोल्डमधून बाहेर काढून पुसायचा आणि दाबाखाली मिनिटभर बघायचा. एक थेंबही लटकता कामा नये. आणि इंजेक्टर थेंबत असेल तर तो. चेक व्हॉल्व्ह आणि अ‍ॅक्युम्युलेटर बदलणे हे एका दिवसाचे काम आहे, आणि दोन्ही आजही नवे मिळतात. फ्युएल डिस्ट्रिब्युटरला हात लावायचीही गरज नसते.

गाडी चालता चालता बंद पडत असेल तर आधी फ्युएल पंपाचा रिले (पंपाला वीज देणारा स्विच) उघडून आतले सोल्डर बघावे. त्यात बारीक तडे जातात, पुन्हा डाग दिला की काम होते. आयडलिंग वर-खाली होत असेल तर इंजेक्टरची रबरी सील आणि प्लेटच्या पुढचा रबरी बूट तपासावा. तिथून चोरून हवा शिरली की ती प्लेटने मोजलेलीच नसते, हवा-पेट्रोलचे मिश्रण पातळ होते. लबाड किंवा अडाणी मिस्त्री इथे ३ मिलिमीटरची अ‍ॅलन की घालून मिश्रण ठरवणारा सीओचा स्क्रू फिरवत बसतो. उजवीकडे फिरवला की मिश्रण घट्ट होते, गाडी दोन दिवस बरी वाटते, मग प्लग काळे पडतात. वॉर्म-अप रेग्युलेटरवरची पिन हातोड्याने आत ठोकून कंट्रोल प्रेशर बदलण्याचाही रिवाज आहे. ठोकल्याच्या ताज्या खुणा दिसल्या तर कोणी तरी हात चालवला आहे हे नक्की.

उभ्या राहिलेल्या गाडीत डिस्ट्रिब्युटरचा प्लंजर खरोखर अडकतो, हे नाकारत नाही. इथेनॉलचे पेट्रोल पाणी शोषते, टाकीत गंज धरतो, बारीक कण फिल्टरपलीकडे जातात. पण तेही तपासून ठरवता येते. पंप थोडा वेळ चालवून दाब भरायचा, पंप बंद करायचा, मग प्लेट चुंबकाने हळूच हलवायची. पूर्ण प्रवासात सारखाच विरोध लागला पाहिजे, कुठे अटकायला नको. पंप चालू ठेवून प्लेट दाबून धरू नये, सिलिंडरमध्ये पेट्रोल भरते आणि पुढच्या सेल्फला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. चारही इंजेक्टर बाहेर काढून चार सारख्या बाटल्यांत फवारा धरला की डिस्ट्रिब्युटर समान वाटप करतो की नाही हे डोळ्यांनी दिसते. प्रत्येकाचा फवारा शंकूसारखा हवा, पिचकारी नको. ‘डिस्ट्रिब्युटर गेला’ म्हणणाऱ्याला या चार बाटल्या दाखवायला सांगा.

आता बसवले काय ते बघा. २.३ लिटरच्या इंजिनावर जिप्सीचा, म्हणजे १.३ लिटरच्या इंजिनाचा कार्बोरेटर, घरी वेल्ड केलेल्या अ‍ॅडॉप्टरवर. इंजेक्शनमध्ये १३६ अश्वशक्ती देणारे इंजिन घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्येही धापा टाकू लागले. पण हे निदान त्रासापुरते. धोका पंपात होता. कार्बोरेटरला पाव बारच्या आत दाब लागतो. मूळ पंप काढलाच नव्हता, मध्ये एक स्वस्त रेग्युलेटर टाकून दाब ‘कमी केला’ होता. तो रेग्युलेटर हलला की कार्बोरेटरचा निडल व्हॉल्व्ह दाब अडवू शकत नाही, पेट्रोल साठणारे फ्लोट चेंबर ओसंडते आणि पेट्रोल तापलेल्या एक्झॉस्टवर पडते. वर रिले काढून पंप थेट इग्निशनच्या वायरला जोडला होता. मूळ रिले इंजिन फिरते आहे की नाही हे बघून पंप चालवतो, इंजिन थांबले की पंप तोडतो. अपघातात चावी चालूच राहिली तर ही नवी जोडणी पेट्रोल ओतत राहणार.

कार्बोरेटर वाईट असे म्हणणे नाही. मर्सिडीजने स्वतः याच इंजिनाची दोन लिटरची आवृत्ती स्ट्रॉमबर्ग कार्बोरेटरवर विकली, १०९ अश्वशक्तीची. पण तिला तिचा मॅनिफोल्ड होता, इंजिनावर बसणारा कमी दाबाचा मेकॅनिकल पंप होता. तो पूर्ण संच मिळाला आणि आपला डिस्ट्रिब्युटर खरोखर गंजून खलास झाला असेल, तर विचार करावा. सहा सिलिंडरच्या २८० वर कंपनीनेच दिलेला सोलेक्स ४ए१ मात्र जिवाला इतका घोर लावतो की तिथे इंजेक्शनवाली २८० ई परवडली म्हणायची.

‘भंगारात गेलेल्या’ सामानाचे काय होते हेही माहीत असावे. चालू फ्युएल डिस्ट्रिब्युटर आणि वॉर्म-अप रेग्युलेटर यांना जगभर गिऱ्हाईक आहे. ज्या ‘न मिळणाऱ्या’ पार्टपायी तुमचे इंजेक्शन निघाले, तोच पार्ट दुसऱ्याला विकून गॅरेज दुसऱ्यांदा कमावते. म्हणून गाडी सोडण्याआधी दोन्हींवरच्या बॉश नंबरांचे फोटो काढा. डिस्ट्रिब्युटरचा नंबर ०४३८१०० ने, रेग्युलेटरचा ०४३८१४० ने सुरू होतो. ‘रिकंडिशन’च्या नावाखाली तोच पार्ट कार्ब क्लीनरने पुसून परत बसवतात, तेव्हा न दिसणाऱ्या बाजूला सुईने एक खूण करून ठेवावी.

मूळ यंत्रणा घालवल्याचा फटका कागदावरही बसतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा व्हिंटेज नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात हवी. इंजिनात उत्पादकापेक्षा वेगळे फेरफार झालेले चालत नाहीत. डब्ल्यू १२३ च्या १९७६ मधल्या पहिल्या गाड्या २०२६ मध्ये पन्नाशी गाठतात.

जॉबकार्डवर तीन आकडे लिहून घ्या : सिस्टिम प्रेशर, गरम इंजिनाचे कंट्रोल प्रेशर, अर्ध्या तासानंतरचा दाब. खाली ‘काढलेले सर्व भाग मालकाला परत’ ही ओळ आणि गॅरेजची सही. तरीही गंडवले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जावे. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे, आणि मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. या गाडीच्या मालकाकडे होते ते फक्त एका चिठ्ठीवर लिहिलेले ‘कार्ब. कन्व्हर्शन – ६५,०००’, शिक्का नाही, सही नाही. ती गाडी पुन्हा इंजेक्शनवर आणायला डिस्ट्रिब्युटर, रेग्युलेटर, रिले आणि चारही नळ्या बाहेरून मागवाव्या लागल्या. त्यांच्या जोडीला आले एक चेक व्हॉल्व्ह आणि एक अ‍ॅक्युम्युलेटर. पहिल्या दिवशी एवढेच दोन भाग बदलायचे होते.