निळ्या गाडीचं चाक: टूर द फ्रान्समधली न्यूट्रल सर्व्हिस आता किती कामाची?

टूर द फ्रान्स सायकल शर्यतीत संघांच्या गाड्यांशिवाय एक निळी गाडीही असते, कुठल्याही संघाच्या स्वाराला चाक किंवा सायकल देणारी: हीच न्यूट्रल सर्व्हिस. पुढचं चाक पंक्चर झालं तर निळ्या गाडीकडून बिनधास्त घ्यावं. मागचं घ्यायची वेळ आली तर आपल्या संघाची गाडी पोचेपर्यंतची सोय म्हणून घ्यावं. आणि छपरावरची अख्खी सायकल अगदीच नाइलाज झाला तर. टूर द फ्रान्समध्ये 2021पासून शिमानो ही सायकलीचे भाग बनवणारी कंपनी चालवत असलेल्या न्यूट्रल सर्व्हिसबद्दलचं मत एवढंच. मात्र यात शिमानोचा दोष थोडाच आहे. सायकली बनवणाऱ्यांनी प्रत्येकाने आपापलं वेगळं माप काढलं, त्याचं बिल या मेकॅनिकांच्या नावावर फाडलं जातंय.

1973च्या पॅरिस–नीस शर्यतीपासून माव्हिक या चाकं बनवणाऱ्या कंपनीच्या गाड्या हे काम करायच्या. पिवळी गाडी म्हणजे सर्वांचीच गाडी, हे समीकरण तेव्हापासूनचं. रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर दाबणारे) आणि क्विक रिलीज होतं तोवर काम सरळ होतं: खटका उघडा, चाक काढा, दुसरं बसवा, खटका बंद. 11 गिअरच्या जमान्यात तर शिमानो, स्रॅम आणि कंपान्योलो या तिन्ही कंपन्यांच्या कॅसेटमधली, म्हणजे मागच्या चाकावरच्या संचातली, दातचक्रांची अंतरं इतकी जवळ आली होती की कुणाचंही मागचं चाक कुणालाही बऱ्यापैकी चालून जायचं. डिस्क ब्रेकना 1 जुलै 2018पासून रस्त्यावरच्या शर्यतींत पूर्ण मुभा मिळाली, पाठोपाठ 12 गिअर आले, आणि ही मजा संपली.

आधी नियम, कारण इथेच नवे प्रेक्षक गोंधळतात. चाक आपल्या संघाच्या गाडीकडून, आपल्या सोबत्याकडून किंवा न्यूट्रल सर्व्हिसकडून घेता येतं. दुसऱ्या संघाच्या स्वाराकडून नाही. 2015च्या जिरोत, म्हणजे इटलीतल्या मोठ्या शर्यतीत, फोर्लीच्या टप्प्यावर ऑस्ट्रेलियाच्या रिची पोर्टचं पुढचं चाक पंक्चर झालं, दुसऱ्या संघातल्या सायमन क्लार्कने देशबंधू म्हणून आपलं काढून दिलं, आणि पोर्टला 2 मिनिटांचा दंड बसला. वर 200 स्विस फ्रँक. तेच चाक न्यूट्रल गाडीतून आलं असतं तर दंडाचा एक सेकंदही बसला नसता. शिवाय मदत घ्यायची ती आपल्या घोळक्याच्या मागे जाऊन आणि थांबूनच. चालत्या गाडीतून चेनला तेल लावणंसुद्धा मना आहे. गाडीत बसलेल्याने चाक खिडकीबाहेर काढून तयार धरून ठेवायचं नाही, त्यामुळे मेकॅनिक उतरल्यावरच चाक हातात घेतो. टीव्हीवर ते संथ वाटतं, पण तो आळस नव्हे.

आता पुढचं चाक. थ्रू-ॲक्सल (चाकातून आरपार जाणारा दांडा) 12 मिलिमीटरचा, हबची (चाकाच्या तुंब्याची) रुंदी 100, रोटर (डिस्क ब्रेकची चकती) बहुतेक सगळ्यांचा 160. ॲक्सलच्या आट्यांचं माप कंपनीगणिक बदलतं, पण ॲक्सल फोर्कसोबतच (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यासोबतच) राहतो, चाकासोबत जात नाही, त्यामुळे ते आड येत नाही. अडतं ते पॅडपाशी, म्हणजे रोटरला दोन्हीकडून दाबणाऱ्या ब्रेकच्या गुटख्यांपाशी. रोटर आणि पॅड यांच्यात फट असते ती मिलिमीटरच्या आतली. हब बदलला की रोटर केसभर डावी-उजवीकडे सरकतो आणि चाक ‘खिस्स, खिस्स’ करत घासायला लागतं. सपाट रस्त्यावर हे सोसतं. त्याहून वाईट म्हणजे चाक काढलेलं असताना घाईत ब्रेकचा लिव्हर दाबला जाणं. मधे रोटर नसल्यामुळे पॅड ढकलणारे पिस्टन बाहेर येतात, पॅड एकमेकांना चिकटतात, आणि नवं चाक आत जातच नाही. मग चपटं काहीतरी खुपसून पॅड मागे लोटेपर्यंत घोळका डोळ्यांआड. म्हणून जाणता स्वार चाक निघालं की हात लिव्हरवरून काढतो, आणि नवं बसल्यावर पहिल्या वळणाच्या आत लिव्हर दोन-तीनदा दाबून पाहतो. पिस्टन फार मागे गेले असतील तर पहिला दाब पोकळ जातो. उतारावर हे कळणं परवडत नाही.

मागच्या चाकात मात्र तिढे एकावर एक आहेत. रोटर कुणाचा 140, कुणाचा 160. कॅलिपर (पॅड धरणारा ब्रेकचा भाग) 140साठी लावलेला असेल तर 160चा रोटर त्यात मावत नाही. उलट असेल तर पॅड रोटरच्या कडेलाच काय ते धरतात. वर कॅसेट. स्रॅमचं 10 दातांपासून सुरू होणारं कॅसेट वेगळ्या फ्रीहबवर (हबच्या कॅसेट धरणाऱ्या भागावर) बसतं, आणि त्यांची फ्लॅटटॉप चेन त्यांच्याच दातांसाठी बनवलेली. म्हणजे शिमानोचं चाक शिमानोच्या सायकलला द्यायचं असेल तर काम चोख. बाकीच्यांसाठी गाडीत योग्य चाक असेल आणि ते योग्य हातात आलं तरच. यात स्वारानेही आपलं काम करावं: थांबण्याआधी पेडल मारत चेन सर्वांत लहान चक्रावर आणावी. इलेक्ट्रॉनिक गिअरसुद्धा पेडल फिरल्याशिवाय चेन हलवत नाही. चेन मोठ्या चक्रावर ठेवून थांबलात तर मेकॅनिकला डिरेलर (चेन सरकवणारा भाग) ओढून धरावा लागतो, आणि तिथेच सेकंद गळतात.

हवेच्या दाबाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. न्यूट्रल चाकात सर्वांसाठी एकच मधला दाब भरावा लागतो. तो 58 किलोच्या चढाईवीराला टणक आणि 80 किलोच्या स्प्रिंटरला मऊ. दगडी रस्त्यावर पहिला उडतो, दुसऱ्याची रिम आपटते.

सायकलीचं म्हणाल तर दुधाची तहान ताकावर. 14 जुलै 2016ला टूरमध्ये व्हाँतू डोंगरावर मोटरसायकलच्या धडकेत सायकल मोडल्यावर ख्रिस फ्रूम पळत सुटला, ते दृश्य सर्वांना आठवतं. त्यानंतर त्याला मिळालेली पिवळी सायकल लहान होती आणि पेडल त्याच्या क्लीटला (बुटाखालच्या, पेडलमध्ये अडकणाऱ्या तुकड्याला) जुळत नव्हते, हे कमी जणांना. पुढच्याच वर्षी माव्हिकने न्यूट्रल सायकलींना ड्रॉपर सीटपोस्ट लावले, म्हणजे सीटची उंची बसल्या बसल्या बदलता येते. चांगली युक्ती. पण पेडलचा प्रश्न तिने सुटत नाही. लूक आणि शिमानो या कंपन्यांचे क्लीट दिसायला भाऊ-भाऊ, बसायला नाही. स्पीडप्लेची तर पकडच पेडलमध्ये नसून क्लीटमध्ये असते. अर्थात सोबत्याची सायकलही हमखास नव्हे. 2022च्या टूरमध्ये आरेनबेर्गच्या टप्प्यावर योनास विंगेगोरने आधी घेतली ती त्याच्याहून बऱ्याच उंच सोबत्याची, व्हान होयडोंकची, आणि ती बदलावीच लागली.

मग ही सेवा हवी कशाला? ब्रेकअवे (पुढे निसटलेले स्वार) आणि घोळका यांच्यातलं अंतर कमी असतं तेव्हा शर्यतीचे पंच संघांच्या गाड्यांना मधे शिरू देत नाहीत. पुढे पळणाऱ्या चौघांच्या मागे फक्त निळी गाडी किंवा मोटरसायकल उरते. अरुंद घाटात, दगडी पट्ट्यांवर तसंच. तिथे घासणारं चाकही सोन्याचं. हिशेब सोपा आहे: मागचं चाक गेलं असेल आणि आपली गाडी मिनिटाभरात येणार असेल तर तिची वाट पाहावी, कारण मागचं न्यूट्रल चाक घेतलं की बहुधा पुढे सायकल बदलायला दुसऱ्यांदा थांबावंच लागतं.

शेवटच्या 3 किलोमीटरमध्ये तर सपाट टप्प्यावर घाई नकोच. पंक्चर झालं तरी ज्या गटात होता त्याचीच वेळ मिळते, आणि काही टप्प्यांवर ही हद्द 5 किलोमीटरपर्यंत वाढवतात. शिखरावर संपणाऱ्या टप्प्याला ही सवलत नाही. तिथे गर्दीत अडकलेल्या संघाच्या गाडीची वाट पाहत उभं राहण्यापेक्षा मोटरसायकलवरून येईल ते चाक लावावं आणि निघावं.