बेली डान्समधलं सरकतं चालणं: आठ आठवड्यांच्या ऑनलाइन कोर्सचा माझा रिव्ह्यू

कोर्स संपून तीन आठवडे झालेत. लगेच लिहायचं नव्हतं, कारण शेवटच्या क्लासनंतर मी इतकी खूश होते की नुसतं कौतुकच लिहिलं असतं. आता सराव माझा मीच करतेय, समोर कोणी चुका काढायला नाही, त्यामुळे अंगात काय मुरलं आणि काय नाही ते कळायला लागलंय.

मी चार वर्षं बेली डान्स शिकतेय. शिमी (कंबरेची भराभर थरथर), हिप ड्रॉप (एका बाजूची कंबर झटकन खाली सोडणं), कंबरेचा आठचा आकडा, हे जागच्या जागी उभं राहून नीट जमतं. गडबड व्हायची ती चालायला लागलं की. पहिलं पाऊल टाकलं की डोकं वरखाली व्हायला लागायचं, खांदे हलायचे, कंबरेची हालचाल तुटायची, आणि व्हिडिओत बघितलं तर नाचणारी एक आणि चालणारी दुसरीच अशा दोन बायका दिसायच्या. आधीच्या क्लासमध्ये ह्यावर एकच उत्तर मिळायचं, तरंगल्यासारखं चाल, पाण्यावरून चालतेस असं समज. मी समजायचे पण पाय समजायचे नाहीत. तरंगायचं म्हणजे नेमकं कुठला स्नायू काय करतो हे कोणीच सांगत नव्हतं, आणि माझ्यासारख्या अनेक जणींना ह्याच जागी अडकून सोडून देताना मी बघितलंय, त्याचं खरंच वाईट वाटतं.

म्हणून हा कोर्स घेतला, फक्त फुटवर्क, दुसरं काही नाही. आठ आठवडे, आठवड्याला एक मोठा व्हिडिओ साधारण चाळीस मिनिटांचा, सोबत दहा मिनिटांचा रोजचा सराव, दर दोन आठवड्यांनी आपला व्हिडिओ पाठवायचा आणि मॅडम त्यावर बोलून फीडबॅक रेकॉर्ड करून पाठवतात, शिवाय मध्ये दोन लाइव्ह क्लास.

पहिल्या आठवड्यात डान्स नाहीच. संगीतही नाही. मॅडम फक्त उभ्या राहतात आणि म्हणतात सगळं वजन उजव्या पायावर घ्या, आता डावा पाय उचला. सोपं वाटतं ना? करून बघा. पाय उचलताना अंग जरासं जरी उजवीकडे झुकलं तर वजन आधी पूर्ण गेलंच नव्हतं, थोडं मागे राहिलं होतं. माझं दर वेळी राहायचं. चार वर्षं मी दोन्ही पायांवर अर्धं अर्धं वजन ठेवून चालत होते आणि दर पावलाला ते उरलेलं वजन ओढून न्यायला धडाचा हिसका द्यावा लागत होता, तोच हिसका व्हिडिओत दिसायचा.

त्यानंतर येतो तो सराव ज्याला मॅडम रिकामा पाय म्हणतात. उभ्या पायाचा गुडघा किंचित सैल, दुसरा पाय जमिनीलगत पुढे सरकवायचा, चवडा टेकवायचा पण त्यावर काहीच वजन द्यायचं नाही, इतकं नाही की कोणी मध्येच थांब म्हटलं तर तो पाय आहे तसा परत मागे घेता आला पाहिजे. मग सावकाश वजन त्यावर ओतायचं, आधी चवडा, मग तळवा, मग टाच. एका पावलाला आठ काउंट. खोलीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला मला पहिल्या दिवशी चार मिनिटं लागली आणि पोटऱ्या थरथरायला लागल्या. पण तिसऱ्या चौथ्या दिवशी एकदा असं झालं की वजन कधी पलीकडे गेलं ते मलाच कळलं नाही, कुठेच धक्का नाही, आणि मी तिथेच थांबून परत मागे जाऊन तेच पाऊल पाच सहा वेळा केलं, हरवेल की काय अशी भीती वाटत होती म्हणून.

डोकं वरखाली का होतं ह्याचं कारण दुसऱ्या आठवड्यात सांगितलंय आणि माझ्या मते सगळ्या कोर्समधला हा सर्वात मौल्यवान भाग आहे. रोजच्या चालण्यात दोन्ही पाय जमिनीवर असतात तेव्हा आपण सगळ्यात खाली असतो, आणि एका सरळ पायावरून अंग पुढे जात असतं तेव्हा सगळ्यात वर. हा फरक मोठ्या माणसात साधारण 4 ते 5 सेंटिमीटरचा असतो. रस्त्यात ते कोणाला दिसत नाही पण स्टेजवर लगेच दिसतं. तो घालवायचा असेल तर अंग ज्या पायावरून जातंय तो गुडघा त्या क्षणी सरळ होऊ द्यायचा नाही, बस. म्हणजे तरंगणं वगैरे सगळं त्या एका क्षणात आहे. आणि पावलं छोटी ठेवायची, कारण पाऊल लांब पडलं की अंग खाली जातंच, कितीही गुडघे वाकवा.

मात्र गुडघा वाकवून चालणं मांड्यांना जड जातं, नेहमीच्या चालण्यापेक्षा खूपच जास्त ताकद लागते, आणि इथे माझी पहिली तक्रार आहे. किती वेळ करायचं, कधी थांबायचं हे व्हिडिओत कुठेच नाही. मी उत्साहात रोज पाऊण तास केलं आणि दहाव्या दिवशी उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलं. मेल केला तर उत्तर आठ दिवसांनी आलं, तोवर मी स्वतःच सराव बंद ठेवला होता. नंतर फीडबॅकमध्ये मॅडमनी नीट बघून सांगितलं की माझा गुडघा वाकताना आत पडतोय, पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहात नाहीये, आणि वाकण्याचं प्रमाणही गरजेपेक्षा जास्त आहे. गुडघा सैल हवा, खुर्चीत बसायला निघाल्यासारखा नको. हे एक वाक्य पहिल्याच व्हिडिओत असतं तर माझा आठवडा वाचला असता. नवीन घेणाऱ्यांनी दहा मिनिटांच्या वर जाऊ नका, आणि दुखलं तर थांबा, रेटू नका.

आता नाण्यांचं सांगते, कारण ही युक्ती मी आधी कुठेच बघितली नव्हती. कंबरेला बांधायचा तो नाण्यांचा स्कार्फ असतो ना, आपण तो आवाज यावा म्हणून बांधतो. इथे उलटं. तो बांधून खोलीभर असं चालायचं की एकही नाणं वाजता कामा नये. पाऊल पडताना धक्का बसला की छन्न, टाच आपटली की छन्न, वळताना घाई केली की सगळा स्कार्फ बोलतो. कान लावून बसावं लागतं, आरशाची गरजच उरत नाही. पहिल्यांदा पूर्ण खोली न वाजता पार झाली तेव्हा रात्र होती, पंखा बंद होता, आणि शेवटच्या पावलाला मला फक्त माझा श्वास ऐकू आला. मग मॅडम म्हणतात आता ह्याच चालीवर मुद्दाम फक्त कंबरेने नाणी वाजवा, पायाने नाही. तिथे मला पहिल्यांदा कळलं की पाय आणि कंबर वेगळे होणं म्हणजे काय. आधी माझी अर्धी शिमी पायाच्या धक्क्यातूनच येत होती.

डोक्यावर पुस्तक ठेवून चालायला मॅडम स्पष्ट नाही म्हणतात, मान ताठ होते आणि खांदे वर चढतात म्हणून. त्याऐवजी आरशावर भुवयांच्या उंचीला एक आडवी चिकटपट्टी लावायची आणि फोन बाजूला ठेवून शूट करायचं. मी लावली. पहिल्या व्हिडिओत दर पावलाला माझ्या भुवया पट्टीच्या वर जाऊन परत खाली येत होत्या, शेवटच्यात पट्टी भुवयांवरून हलत नाही, फक्त डावीकडे वळताना अजूनही जराशी सुटते.

पाचव्या आठवड्यात चवड्यांवर म्हणजे रिलेव्हेत चालणं येतं, पाय जवळ जवळ, छोटी भराभर पावलं. लांब स्कर्ट घातलेली डान्सर स्टेजवर आली आणि पाय दिसतच नाहीत, अख्खी बाई सरळ रेषेत सरकतेय असं वाटतं, ते हेच. इथे घोटे मजबूत नसतील तर गाडी अडते. मॅडमनी आधी आठवडाभर भिंतीला हात लावून टाचा वर खाली करायला लावल्या, आणि एक बारकावा सांगितला की चवड्यावर उभं राहून सगळं वजन करंगळीकडे गेलं तर घोटा मुरगळतो, अंगठा आणि दुसरं बोट दाबून ठेवायचं. टाच किती वर घ्यायची ह्यापेक्षा ती तेवढ्याच उंचीवर टिकते का हे महत्त्वाचं. मला अर्धी उंचीच टिकते, तर मी तेवढीच ठेवते.

इतिहासावर एक छोटा व्हिडिओ आहे, तो मला वाटलं होतं भरीला टाकलाय पण तसं नाही. ही सरकती चाल स्टेजमुळे का वाढली ते त्यात येतं. घरातल्या किंवा लग्नातल्या गर्दीत जागच्या जागी नाचणं चालून जायचं, पण डान्सर बदिया मसाबनीने 1926 मध्ये कैरोत आपला क्लब सुरू केला, तिथे मोठं स्टेज आणि ऑर्केस्ट्रा आला, तेव्हा डान्सरला ती जागा भरायला चालावं लागलं, वळावं लागलं, हात उघडावे लागले. तिच्याकडूनच पुढे आलेली सामिया गमाल जुन्या कृष्णधवल चित्रफितींमध्ये बघा, उंच टाचांच्या चपला घालून संपूर्ण फ्लोअर ओलांडते आणि डोक्याची पातळी ढळत नाही. नंतर 1959 मध्ये इजिप्तच्याच महमूद रेडाने आपला ट्रूप काढला, तो मुळात जिम्नॅस्ट, त्याने स्टेजवर रांगा, वर्तुळं, एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाणाऱ्या स्टेप्स आणल्या. त्या ट्रूपची फरीदा फहमी चालते तेव्हा पाऊल पडलेलं दिसत नाही, फक्त ती आता पलीकडे पोचलीय एवढंच दिसतं. मी तिचा व्हिडिओ आवाज बंद करून कमीत कमी वीस वेळा बघितला असेल, फक्त मागचा पाय कधी रिकामा होतो ते शोधत.

संगीताचा भाग मात्र कमी पडला, आणि ही माझी दुसरी तक्रार. मलफूफवर एन्ट्री कशी घ्यायची ते छान शिकवलंय, दुम तक तक असा पळता ताल, एन्ट्री आणि एक्झिटला जास्त वापरतात, त्यावर छोटी पावलं आपोआप बसतात. पण मकसूम आणि मसमुदी ह्या दोन तालांवर एकेकच छोटा व्हिडिओ. खरं अवघड तर तिथेच आहे. मकसूममध्ये ठेका इतका ठळक असतो की पाय दर दुमवर, म्हणजे ढोलाच्या जड ठोक्यावर, आपटायला बघतो, ताल कंबरेत घ्यायचा आणि पायांनी त्याखालून शांत सरकत राहायचं ह्याला निदान दोन आठवडे हवे होते. संथ मसमुदीत एका पावलाला भरपूर वेळ असतो, पहिल्या आठवड्यातला रिकाम्या पायाचा सराव थेट तिथे वापरता येतो, पण हे मला माझं मी शोधावं लागलं, कोर्समध्ये जोडून दाखवलेलं नाही.

कॅमेऱ्याबद्दलही बोलायला हवं. पायांचा क्लोजअप सुंदर आहे पण क्लोजअप चालू असताना वरचं अंग दिसत नाही, आणि ह्या विषयात दोन्ही एकत्र दिसलं पाहिजे, पाय काय करतात आणि त्याच क्षणी डोकं काय करतं. दुसरं म्हणजे काही व्हिडिओ समोरून आहेत आणि काही पाठीमागून, डावं उजवं करताना माझा प्रत्येक वेळी गोंधळ व्हायचा. सगळे पाठीमागून घेतले असते तर बरं झालं असतं.

फीडबॅक मात्र मनापासूनचा. साचेबद्ध शाबासकी नाही. माझ्या दुसऱ्या व्हिडिओत मॅडमनी एक मिनिट वीस सेकंदांवर थांबवून दाखवलं की मी पाऊल टाकायच्या आधी श्वास रोखते, आणि श्वास रोखला की बरगड्या वर उचलल्या जातात आणि पातळी तिथेच बिघडते. मी हे आयुष्यात पकडलं नसतं.

फ्लोअर आणि पायात काय घालायचं ह्याबद्दल लोक विचारतात म्हणून सांगते. मोजे घालून करू नका. गुळगुळीत फरशीवर मोजे घातले की पाय आपोआप घसरतो आणि आपल्याला वाटतं आपण सरकतोय, पण ते काम फरशीने केलेलं असतं, आणि वळताना पडायची भीती वेगळी. अनवाणी सुरुवात करा, चवड्याला जमीन कळली पाहिजे. घाम येऊन तळवा चिकटायला लागला, किंवा वळून वळून चवड्याची कातडी सोलली, की मग चवड्यापुरता चामड्याचा तळ असलेले हाफ सोल शूज घ्या. ते थोडे घट्टच असू द्यात, सैल झाले की तळ दुमडतो. पावडर वगैरे जमिनीवर टाकू नका.

अगदी नवीन असाल तर हा कोर्स आत्ता घेऊ नका, आधी कंबरेच्या हालचाली जागेवर येऊ देत, नाहीतर पहिले दोन आठवडे कंटाळून सोडून द्याल. ज्यांना कोरिओग्राफी हवी आहे त्यांच्यासाठीही नाही, इथे एकही पूर्ण डान्स शिकवत नाहीत. पण वर्ष दोन वर्षं शिकलायत आणि चालायला लागलं की सगळं तुटतं असं होत असेल, तर डोळे मिटून घ्या. पाचापैकी चार स्टार, एक कापला तो संगीतासाठी आणि गुडघ्याची सूचना न दिल्याबद्दल.

ह्याच मॅडमचा पुढचा कोर्स टर्न्सचा आहे. तो मी अजून घेतलेला नाही. डावीकडे वळताना पट्टी सुटतेय तोपर्यंत रोज दहा मिनिटं रिकामा पाय आणि मग स्कार्फ बांधून दोन फेऱ्या, एवढंच चालू आहे. काल दुसऱ्या फेरीत एकच नाणं वाजलं.