बोल्गा, आगासेके की बुरूड आळी?

दुकानात हातविणीच्या टोपल्यांचा एक कोपरा करायचाय, पण माल आणायचा कुठून? घानाच्या बोल्गा टोपल्या, रवांडाची आगासेके आणि आपल्या बुरुडांचं बांबूकाम अशी तीन नावं समोर ठेवून बघू. तिन्हींवर 'पर्यावरणपूरक' अशी चिठ्ठी सर्रास लागते, तिन्ही हातानेच होतात, पण एकीचं काम दुसरीकडून होत नाही.

बोल्गाटांगा हे घानाच्या उत्तर टोकाच्या अप्पर ईस्ट प्रदेशाचं मुख्य शहर. तिथे पावसाळा एकच, त्यामुळे शेतीही तेवढ्याच महिन्यांची. उरलेल्या कोरड्या महिन्यांत गावोगाव विणकाम चालतं आणि दर तिसऱ्या दिवशी बाजार भरतो. विणायला बसण्याआधीचं काम बघण्यासारखं असतं. गवताची एकेक काडी उभी चिरून दोन करायची, मग प्रत्येक भागाला पीळ देऊन तो पुन्हा गोल करायचा. या पिळामुळेच टोपली बाजारहाटाचं ओझं पेलते. विणून झाली की मूठ चामड्याने मढवतात. ते काम वेगळ्या कारागिराचं. मध्यम आकाराच्या एका टोपलीला दोन-तीन दिवस सहज जातात.

दुकानदाराला यात मोठा फायदा असा, की या टोपल्या चेपून, एकीवर एक दाबून भरता येतात. त्यामुळे जहाजाने आणल्या तर नगामागे भाडं कमी पडतं. हातात येते तेव्हा मात्र टोपली अशी वाकडीतिकडी असते, की गिऱ्हाईक परत करायला निघेल. ती पाण्यात बुडवून काढावी, हाताने दाबून हवा तसा आकार द्यावा आणि सावलीत वाळू द्यावी. चामड्याची मूठ तेवढी भिजवू नये. एवढं लिहिलेला कागद प्रत्येक टोपलीत ठेवलात तर निम्म्या तक्रारी येणारच नाहीत.

आता खोट. बोल्गाच्या आसपास हे गवत पुरेसं उरलेलं नाही. बरंचसं दक्षिणेतून, कुमासीच्या बाजूने, ट्रकने शेकडो किलोमीटर प्रवास करून येतं आणि विणणारी बाई ते बाजारातून रोखीने विकत घेते. गवत महागलं आणि टोपलीचा भाव तोच राहिला, की फरक तिच्या मजुरीतून जातो. म्हणून निर्यातदाराला आधी विचारायचं ते हेच, की गवत तुम्ही पुरवता की ती स्वतः आणते? दुसरा प्रश्न रंगाचा. ते भडक निळे-गुलाबी रंग रासायनिक असतात आणि उकळत्या पाण्यात चढवतात. ते पाणी पुढे कुठे जातं, याचं उत्तर मिळायला हवं. शंका असेल तर बिनरंगी टोपल्या मागवा. माझ्या मते दिसायलाही त्याच जास्त चांगल्या.

आगासेकेची जातच वेगळी. गवताच्या जुडीभोवती सायसल, म्हणजे घायपाताच्या जातीचा धागा गुंडाळत जायचं आणि प्रत्येक वेढा सुईने आधीच्या वेढ्यात शिवायचा. इतकं घट्ट काम, की हातभर रुंदीच्या ताटाला तीन दिवसांपासून आठवडाही लागतो. याच कामाची टोकदार झाकणाची परडी लग्नात देतात, ती रवांडाच्या राष्ट्रचिन्हावरही आहे. 1994 च्या नरसंहारानंतर हुतू आणि तुत्सी या दोन्ही समाजांतल्या विधवा आणि इतर बायका एकत्र बसून हे विणू लागल्या. 2004 मध्ये दोन बहिणींनी सुरू केलेल्या गहाया लिंक्सने तो माल अमेरिकेतल्या मेसीज या बड्या दुकानसाखळीपर्यंत पोचवला. माल विकताना ही कहाणी सांगावी, पण तिच्या जोरावर भाव चढवला असेल तर चढलेला भाव बाईपर्यंत पोचतो का, हेही पाहावं. बाकी ही वस्तू भिंतीवर लावायची किंवा फळं ठेवायची. धुण्याचे कपडे भरायला घेऊ नये. शिवाय रवांडाला समुद्र नाही, मोंबासा किंवा दार-एस-सलाम बंदर हजारावर किलोमीटर लांब. थोडाच माल मागवलात तर तो बहुधा विमानाने येईल, आणि मग 'पर्यावरणपूरक' हा शब्द जरा जपून वापरलेला बरा.

उरले आपले बुरूड. सूप, रोवळी, दुरडी, परडी, हारा: घरात लागणारं सगळं यांच्याकडे होतं, ते प्लास्टिकने खाल्लं. कच्चा माल, म्हणजे बांबू, जवळचा आहे. त्याच्या जाती जागोजागी: कोकणात माणगा, सह्याद्रीत मेस आणि चिवा, विदर्भात मानवेल. 2017 च्या दुरुस्तीने वन कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून बांबू निघाला, त्यामुळे खासगी जमिनीवरचा बांबू तोडणं-नेणं सोपं झालं. गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाने त्याही आधी, 2011 मध्ये, आपल्या सामूहिक वनहक्कातला बांबू स्वतःच्या वाहतूक परवान्यावर विकायला सुरुवात केली. मेळघाटात लवाद्याचं संपूर्ण बांबू केंद्र आहे, कुडाळला कोनबॅक ही बांबूकामाची संस्था आहे. बांबू कुणाच्या रानातून आला हे तुम्ही एसटीने जाऊन बघू शकता. घानाच्या गवताबद्दल हे होणार नाही.

पण डोळे झाकून घेऊ नका. कोवळा किंवा अवेळी तोडलेला बांबू असला की त्याला भुंगा लागतो; महिन्या-दोन महिन्यांत टोपलीखाली पिवळट पीठ सांडायला लागतं. ओल्या कामट्यांची, म्हणजे बांबूच्या चिरलेल्या पट्ट्यांची, वीण वाळल्यावर आक्रसते आणि ढिली पडते. काठाच्या कुसळांत कपडे अडकतात, कारण हे काम मंडईसाठी होत आलं, दिवाणखान्यासाठी नाही. तेव्हा किमान तीन वर्षांचा, हिवाळ्यात तोडलेला बांबू हवा आणि काठ तासून हवा, हे आधीच सांगा. बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या द्रावणाची प्रक्रियाही मागा. धान्य-भाजीच्या वस्तूंना मात्र ती नको. आणि या जादा कामाचे पैसे जादा द्या. नमुना फुकट मागू नका.

पैशांचं बोलायचं तर जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनावर विसंबू नका. वस्तू कुठली एवढंच ते सांगतं, मजुरीबद्दल त्यात काही नसतं. डब्ल्यूएफटीओ या न्याय्य व्यापाराच्या (फेअर ट्रेड) जागतिक संघटनेच्या सदस्य संस्थांच्या नियमांत मात्र हस्तकलेच्या ऑर्डरवर मागितल्यास किमान 50 टक्के बिनव्याजी आगाऊ रक्कम देणं बसतं. आपल्याकडे उलटी रीत: 'ठेवून जा, विकलं की देतो.' म्हणजे दुकानदाराची जोखीम बुरुडाच्या डोक्यावर. हे करणार असाल तर हातविणीच्या नावाखाली जादा भाव लावू नये, असं मला स्पष्ट वाटतं.

माझं मत विचाराल तर पुण्या-ठाण्यातल्या लहान दुकानाने कपड्यांच्या, कुंड्यांच्या आणि भेटवस्तूंच्या टोपल्या बुरुडाकडूनच घ्याव्यात. बोल्गा तेव्हाच, जेव्हा दुसऱ्या कुणाबरोबर जहाजाची खेप वाटून घेता येईल; वनस्पतीजन्य माल असल्याने कीडमुक्तीच्या कागदपत्रांचं कस्टम एजंटला आधी विचारून घ्यावं. आगासेके मोजकी, भिंतीपुरती. लंडन किंवा न्यू जर्सीत घर मांडणाऱ्याला मात्र मी उलट सांगेन: तिथे बोल्गा सहज मिळते, तीच घ्या, सामानातून दुरडी नेण्याचा हट्ट नको.

वेळापत्रकही बघा. बोल्गाची ऑर्डर तिथला पाऊस आणि शेती आटोपल्यावर, म्हणजे नोव्हेंबरनंतर द्यावी. बुरुडाकडे गौरी-गणपतीच्या किंवा छठच्या तोंडावर जाऊ नये. तेव्हा त्याला सुपांतून मान वर करायला फुरसत नसते, आणि तुमचं काम घाईत, ओल्या कामट्यांतच उरकलं जाईल.