जंपर होता, पण नुसता शोभेचा

भोसरीत आमचं छोटंसं युनिट आहे. बॅटरी पॅकवर नजर ठेवायला सहा कार्डं एका कॅन बसवर, म्हणजे कॅन-हाय आणि कॅन-लो या दोन सामायिक तारांवर, जोडायची होती. कार्डाला त्या तारांशी बोलू देणारं ट्रान्सीव्हर मॉड्यूल घेताना विक्रेत्याला स्पष्ट विचारलं होतं, दोन तारांमधला १२० ओहमचा टर्मिनेशन रेझिस्टर काढता येतो ना? तो फक्त बसच्या दोन टोकांना लागतो. ‘जंपर काढला की निघाला, साहेब.’ जंपर म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी. सॅम्पलचे दोन नग टेबलावर जोडले, झकास चालले. लॉटचे पैसे आगाऊ देऊन टाकले. गाढवपणा तो इथेच.

सहा जोडल्यावर एररच एरर. टोकाच्या दोघांचे जंपर ठेवून मधल्या चौघांचे काढले होते, त्यामुळे तिकडे शंका गेलीच नाही. विक्रेता म्हणाला, ‘तुमच्या बसला बायसिंगच नाही,’ आणि अकराशे रुपयांना चार बायस कार्डं गळ्यात मारली. बायसिंग म्हणजे बस गप्प असताना तारा ठरावीक व्होल्टेजकडे ओढून धरणं. प्रत्येकावर ५६० ओहमचे दोन रेझिस्टर: एक कॅन-हायकडून ५ व्होल्टला, दुसरा कॅन-लोकडून ग्राउंडला. ही आरएस-४८५ या दुसऱ्या प्रकारच्या बसची तऱ्हा. कॅनला तिची गरज नाही. कोणी बोलत नसलं की दोन्ही तारा साधारण अडीच व्होल्टवर येतात, आणि त्यांच्यातला फरक ०.५ व्होल्टच्या खाली असला की रिसीव्हर बस रिसेसिव्ह, म्हणजे गप्प, धरतो. हे मला माहीत होतं हो! पण माल पाठवायची तारीख डोक्यावर असली की माणूस काहीही विकत घेतो.

शेवटी सप्लाय बंद करून हाय-लोमध्ये मल्टिमीटर लावला. ६० ओहम हवेत, दिसले २०. एक मॉड्यूल सुटं केलं, जंपर काढून मोजलं: १२०. उलटून पाहिलं, तर जंपरच्या पिना कुठेच जोडलेल्या नाहीत; रेझिस्टर थेट ट्रॅकवर. मग दोनच नग चालणारच की, दोन १२० मिळून बरोबर ६०!

चार रेझिस्टर उपटले. मीटरवर ६० आले, तरी बस मुकीच. चार बायस कार्डांचे मिळून वर-खाली १४०-१४० ओहम, मध्ये ६०; म्हणजे गप्प बसवरही ०.८८ व्होल्टचा फरक, ०.५ च्या वर. बायस कार्डं काढली आणि आमची साही कार्डं बोलू लागली.

अशी मॉड्यूल्स घेणार असाल तर दोन जोडून चालतंय का बघत बसू नका. एकच घ्या, जंपर काढा, सप्लाय न देता मोजा. हजारो ओहम दिसायला हवेत. १२० दिसले तर तिथेच परत करा.

विक्रेत्याला फोन केला. म्हणाला, ‘तुम्ही जंपर मागितला, आम्ही जंपर दिला.’ बायस कार्डंही परत घेतली नाहीत.