मोठी एजन्सी की चार माणसांची? फराळाच्या धंद्यातला अनुभव

आमचा धंदा दिवाळीच्या फराळाचा. धायरीला स्वयंपाकघर आहे. वर्षभर चकली-चिवडा थोडाथोडा चालू असतो, पण खरी उलाढाल ऑगस्ट ते ऑक्टोबरची, आणि त्यातही मोठा वाटा परदेशी जाणाऱ्या डब्यांचा. आई कोथरूडला, मुलगा अमेरिकेत, असं आमचं गिऱ्हाईक. जाहिरातीसाठी मी आधी दीड वर्ष बाणेरच्या एका मोठ्या एजन्सीकडे होतो. २०२३ च्या मध्यापासून नारायण पेठेतल्या एका छोट्या एजन्सीकडे आहे, तिथे मालक धरून चार माणसं. ओळखीतले दोघं-तिघं सध्या याच निवडीपाशी अडलेत आणि मला विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पैशांचं आधी उरकतो. मोठीचा महिन्याचा रिटेनर, म्हणजे दरमहा ठरलेली फी, छोटीच्या जवळजवळ दुप्पट होता, वर १८ टक्के जीएसटी. शिवाय जाहिरातीच्या खर्चावर टक्केवारी. ही टक्केवारी मला पहिल्यापासून खटकायची, कारण खर्च वाढला की त्यांचं उत्पन्न वाढतं, मग आमच्या ऑर्डरी वाढोत न वाढोत. छोटीकडे ठरलेली रक्कम आहे, सीझनचे चार महिने जास्त आणि उरलेले आठ महिने कमी. आमच्यासारख्या हंगामी धंद्याला हे सोयीचं. तरी नुसत्या पैशांसाठी मी एजन्सी बदलली नसती.

कारण मोठीचं काम देखणं होतं, हे मान्य करायलाच हवं. त्यांनी केलेलं बेसनलाडवांचं फोटोशूट आम्ही आजही वापरतो. महिन्याच्या पाच तारखेला रिपोर्ट यायचाच, आलेख-बिलेख सगळं व्यवस्थित. छोटीचा रिपोर्ट म्हणजे व्हॉट्सॲपवर चार ओळी: किती खर्च, किती ऑर्डरी, काय चाललं, काय बंद करतोय. मला तेवढं पुरतं. ज्याला बँकेपुढे किंवा भागीदारांपुढे कागद ठेवायचे असतात, त्याला कदाचित नाही पुरणार.

आता ज्या एका गोष्टीने माझा निर्णय झाला, ती सांगतो. दीड वर्षात आमच्या कामावर चार अकाउंट मॅनेजर आले आणि गेले. पहिल्या बैठकीला जे दोन वरिष्ठ होते, ते पुन्हा दिसलेच नाहीत. प्रत्येक नव्या माणसाला मी पहिल्यापासून सांगायचं: भाजणी म्हणजे काय, अनारशाला खसखस कुठे लागते, ओल्या नारळाच्या करंज्या परदेशी का पाठवत नाही. प्रत्येक जण मन लावून लिहून घ्यायचा. पण ते टिपण पुढच्या माणसापर्यंत कधी पोचलं नाही.

२०२२ च्या सप्टेंबरात तिसरी मुलगी आली. कामाला लागून तिला आठवडाच झाला होता. तिने लावलेल्या जाहिरातीत चकली म्हणून कुठूनतरी घेतलेला मुरुक्कूचा फोटो. आमची भाजणीची चकली तांबूस, काटेरी, खमंग. फोटोतली पांढुरकी, तांदळाच्या पिठाची. इथल्या कुठल्याही घरात दाखवा, लहान पोरसुद्धा फरक सांगेल. जाहिरातीखाली बायकांनी विचारायला सुरुवात केली, भाजणीची मिळत नाही का? स्वयंपाकघरात फोन यायला लागले. मी गुरुवारी संध्याकाळी कळवलं. तिने वरिष्ठांना विचारलं, वरिष्ठांनी डिझाइनवाल्यांच्या रांगेत काम लावलं, आणि फोटो बदलला सोमवारी. त्या दिवाळीचं लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं. अमेरिकेचे डबे वेळेत पोचायचे तर ऑर्डरी सप्टेंबरातच यायला लागतात. त्यातले चार दिवस असे गेले. त्या मुलीचा दोष मी धरत नाही. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

या बदलांचा आणखी एक तोटा मला बऱ्याच उशिरा कळला. मेटावरच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या, जाहिरातीला बसायला वेळ लागतो; ती कुणाला दाखवायची हे त्यांची यंत्रणा हळूहळू शिकते. एका ॲड सेटला (एकच प्रेक्षक आणि बजेट असलेल्या जाहिरातींच्या गटाला) आठवड्यात साधारण ५० ऑर्डरी मिळाल्या की ती स्थिर होते. मध्येच प्रेक्षक बदलला किंवा बजेट एकदम खालीवर केलं, की शिकणं पुन्हा पहिल्यापासून. नवा माणूस आला की तो हटकून काहीतरी बदलायचा. एका ॲड सेटला आठवड्याला ५० ऑर्डरी आमच्या धंद्यात सीझनमध्येच शक्य, म्हणजे ते शिकणं फुकट घालवायला आमच्याकडे दिवसच नसतात.

छोटीकडे अडीच वर्षांत माणूस तोच आहे. करार करण्याआधी तो एक अख्खी दुपार आमच्या पॅकिंगच्या खोलीत बसला होता. डबा किती ग्रॅमचा, कुठल्या देशात तुपाचं काही चालत नाही, पोस्टाने काय जातं, कुरियरने काय, सगळं विचारून घेतलं. त्याचा उपयोग २०२५ च्या ऑगस्टमध्ये झाला. ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली करमाफी अमेरिका २९ तारखेपासून काढणार होती, आणि त्यामुळे आपल्या टपाल खात्याने २५ तारखेपासून तिकडची बहुतेक पार्सलं थांबवत असल्याचं जाहीर केलं. २७ ला गणेश चतुर्थी; आम्ही घरी मखराच्या मागे होतो, बातमी वाचलीसुद्धा नव्हती. त्याचाच फोन आला.

"काका, तुमचे अमेरिकेचे डबे पोस्टाने जातात ना? तिकडच्या जाहिराती आत्ताच थांबवतोय. चालेल ना?"

सोमवारी संध्याकाळी तो धायरीला आला. खाजगी कुरियरचे कर धरून दर काढले, जाहिरातीतला मजकूर बदलला, बजेट दुबई आणि ऑस्ट्रेलियाकडे वळवलं. त्या दिवाळीला अमेरिकेचे डबे कमी गेले, ते जाणारच होते. पण पैसे घेतले आणि डबा अडकला, असं म्हणायची वेळ एकाही गिऱ्हाइकावर आली नाही.

छोटीतही धोका आहेच. २०२४ च्या पावसाळ्यात त्याला डेंगी झाला आणि दहा दिवस सगळं ठप्प होतं. म्हणून आता जाहिरातीचं खातं आमच्या नावावर आहे, त्याला फक्त पार्टनर म्हणून प्रवेश दिलाय, आणि काय कधी बदललं त्याची नोंद दोघांना दिसेल अशी ठेवतो. मोठीकडे खातं त्यांच्या नावावर होतं. निघालो तेव्हा दीड वर्षाचा इतिहास तिकडेच राहिला. एजन्सी कुठलीही घ्या, खातं स्वतःच्या नावावर उघडा, हे मात्र मी अगदी ठामपणे सांगेन.

आमच्याकडूनही एक चूक होत होती. मी एक सांगायचो, वहिनी स्वयंपाकघरातून दुसरंच कळवायच्या, आणि एजन्सीचा तो मुलगा मध्ये अडकायचा. आता मंजुरी फक्त मी देतो, मंगळवारी सकाळी. वहिनींचं जे असेल ते सोमवारी रात्री माझ्याकडे येतं. यानंतर दोन्हीकडची चिडचिड खूप कमी झाली.

सगळ्यांनी छोटीच घ्यावी असं मी म्हणणार नाही. माझा एक मित्र बांधकाम व्यवसायात आहे. त्याच्या प्रत्येक जाहिरातीत महारेराचा (राज्याच्या बांधकाम नियामकाचा) नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड लागतो, चुकलं तर दंड. त्याला चार टेबलांवरून तपासून येणारी जाहिरातच हवी, तिथे दोन दिवस उशीर झालेला परवडतो. ज्याला वर्तमानपत्र, रेडिओ, होर्डिंग सगळं एका हाताने हवंय, त्याचंही चार माणसांत भागणं कठीण. पण माल घरगुती असेल, हंगाम छोटा असेल आणि माल समजून घ्यायलाच वेळ लागत असेल, तर माझा कौल नारायण पेठेकडे.

आणि तरीही मोठीकडेच जाणार असाल, तर रोज काम कोण बघणार त्याचं नाव करारात घालून घ्या, आणि तो बदलला तर जुन्याने नव्याला तुमच्यासमोर बसून काम समजावून द्यायचं, हेही लिहून घ्या. आमच्या त्या बांधकामवाल्या मित्राने मागितलं, आणि एजन्सीने घासाघीस न करता लिहून दिलं.