अथणीकडच्या काळ्या रानात लिंबू: आळे, ठिबक की आलटून-पालटून पाणी?

बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी-रायबागच्या कोरड्या पट्ट्यात कागदी लिंबाला भाव उन्हाळ्यात, आणि बोअर आटते तीही उन्हाळ्यातच. म्हणून पद्धत ठरवण्याआधी एप्रिलचा हिशेब मांडावा. झाडाचा विस्तार चार मीटर व्यासाचा आणि उघड्या पाण्याचे रोजचे बाष्पीभवन 9 मिलिमीटर धरले, तर त्याच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे झाडाला दिवसाला साधारण 60 लिटर लागतात. 20 बाय 20 फुटांवर एकरी 108 झाडे, म्हणजे साडेसहा हजार लिटर.

एवढे पाणी मेअखेरपर्यंत पुरत असेल, तर दोन नळ्यांचे ठिबक घ्यावे. खोडाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन फुटांवर लॅटरल (ठिबकची बारीक नळी), प्रत्येकीवर ताशी 4 लिटर पाणी थेंबथेंब सोडणारे चार ड्रीपर. पंपाला लागणारी थ्री फेज वीज रोज मिळत नसेल तर दिवसाआड चार तास चालवले तरी चालते. काळी जमीन ओल धरते.

दुहेरी आळे, म्हणजे खोडाभोवती दोन गोल वरंब्यांमध्ये पाणी भरणे, स्वस्त पडते, पण भेगाळलेल्या रानात पाणी थेट खाली जाते. आठवडाभर ताण आणि मग एकदम भरपूर पाणी, यानेच फळे तडकतात. आळेच करायचे तर खोडालगतचे दीड फूट मातीच्या वरंब्याने कोरडे ठेवावे, नाहीतर डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) ठरलेला.

पाणी दोन-तृतीयांशच असेल तर आलटून-पालटून पद्धत. प्रत्येक लॅटरलला वेगळा कॉक बसवून एका वेळी एकच नळी रोज अडीच तास सोडायची: झाडाला 40 लिटर. कोरड्या बाजूच्या मुळांकडून इशारा मिळतो, पानांची रंध्रे (वाफ सोडणारी बारीक छिद्रे) अर्धवट मिटतात आणि पाण्याची उधळण थांबते. भारी जमिनीत ओल आडवी पसरते. म्हणून नळ्या चार फुटांवर सरकवाव्यात, नाहीतर दोन्ही बाजू अर्धवट ओल्या राहून नुसती उपासमार होते. बाजू बदलायची ती तारीख बघून नाही. कोरड्या बाजूला फूटभर खणून माती मुठीत दाबावी. गोळा फुटला की बदल. फुलोऱ्यापासून फळ सुपारीएवढे होईपर्यंत मात्र दोन्ही नळ्या चालूच.

बोअरचे पाणी खारट असेल तर आलटून-पालटूनच्या वाटेला जाऊच नये. कमी पाण्यात क्षार मुळांशीच साठतात आणि लिंबाला ते सोसत नाहीत. त्यापेक्षा झाडे थोडी छाटून पानोरा कमी करावा.

पद्धत कुठलीही असो, उसाचे पाचट चार इंच जाड, खोडापासून फूटभर लांब पसरावे. आपल्याकडे ते शेतात जाळतात, याची हळहळ वाटते. वाळवीवर नजर ठेवावी. आणि वळवाची पहिली हलकी सर आली म्हणून ठिबक बंद करू नये: ओलाव्याच्या कडेला साठलेले क्षार ती सर मुळांत ढकलते. चांगला दणकून पाऊस होईपर्यंत नळ्या चालू ठेवाव्यात.